कागद पलटणारी ताई

शाळेच्या फाटकासमोर, जिन्याखालच्या जागेत झेरॉक्सचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे एक मोठं मशीन, एक छोटं मशीन, कोऱ्या कागदांचं कपाट आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत एक बाई. बाई जरा जाड असती तर मालकाला छोटं मशीन विकावं लागलं असतं, असं ती स्वतःच सांगते. सतरा वर्षं ती तिथे उभी आहे. मशीनची ऊब लागून तिचा उजवा हात डाव्यापेक्षा एक छटा काळा झालाय आणि शाईच्या पुडीचा वास तिच्या केसांतून रविवारीसुद्धा जात नाही.

मुलं तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे पलटताई. कुठलाही कागद हातात आला की ती आधी तो पलटते. ओळखपत्र असो, गुणपत्रिका असो, कुणाच्या आजोबांचा जुना दाखला असो. “मागची बाजू बघितलीस का?” हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, “स्टेपल मारू नकोस, क्लिप लाव.” तिसरं, “जे जे पाठवशील त्याची एक प्रत घरी ठेव.”

बारावीच्या फॉर्मचे दिवस आले की दुकानापुढे रांग लागते. त्यातली निम्मी मुलं नुसती झेरॉक्सला आलेली नसतात. कुणाचा बाप बस चालवतो, कुणाची आई दवाखान्यातल्या फरशा पुसते. कॉलेज कसलं असतं, फॉर्म कुठून मिळतो, शिफारसपत्र कुणाकडे मागायचं आणि मागताना काय म्हणायचं, हे त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नसतं. शाळेत मार्गदर्शनाचा तास आहे, तो गणिताचे सर गणितालाच वापरतात. मग मुलं ताईकडे येतात. सतरा वर्षांत तिच्या हाताखालून इतके फॉर्म गेलेत की कोणत्या कॉलेजला निळी शाई चालत नाही आणि कोणत्या कॉलेजचा कारकून फोटोवरची सही बघून फॉर्म बाजूला टाकतो, हे तिला तोंडपाठ आहे. निबंधाला सुरुवात कशी करायची, तेही ती सांगते. मशीन चालू असताना, मान वर न करता.

ती स्वतः कॉलेजात गेली नाही. बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के होते. तिनेही असाच एक फॉर्म पाठवला होता, फीमाफीच्या जागेसाठी. दीड महिन्याने तो परत आला. उत्पन्नाच्या दाखल्याची एकच बाजू जोडली होती. शिक्का, तारीख आणि अधिकाऱ्याची सही मागच्या बाजूला असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिच्या वडिलांना वाचता येत नव्हतं. “पुढच्या वर्षी बघू,” वडील म्हणाले. तोवर वेळ जावा म्हणून ती या दुकानात लागली. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. तिचं लग्न मात्र आलं.

लग्न झालं तेव्हा नणंद पाच वर्षांची होती. शेंडेफळ. घरात तिला बारकी म्हणायचे, अजूनही म्हणतात. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर, सासरे गेलेले, सासूबाई शिवणाच्या कारखान्यात. शाळा सुटली की बारकी फाटक ओलांडून वहिनीकडे यायची आणि कागदाच्या रिकाम्या खोक्यावर बसून अभ्यास करायची. तिची अक्षरं ताईनेच गिरवून घेतली. पाढे मशीनच्या ठेक्यावर पाठ झाले. गिऱ्हाइकं विचारायची, “मुलगी तुमची?” ताई म्हणायची, “नणंद. पण मुलीच्या मापात बसते.”

त्यामुळे बारकीचा हेवा तिला कधी वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. तो आला तो चोरपावलांनी, आणि आला तो टेबलावरून.

घर दोन खोल्यांचं. खिडकीजवळ एक टेबल होतं, ताईच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. बारा वर्षं ती त्यावर सगळ्यांचे कपडे इस्त्री करत आली. बारकी बारावीत गेली तशी सासूबाईंनी एके सकाळी इस्त्री उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि टेबल पुसून काढलं.

“आजपासून हे बारकीचं. उजेड असतो तिथे.”

“आणि इस्त्री?”

“अगं, ओट्यावर होते की. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जाणार. एवढं तर करायला हवं.”

‘पहिल्यांदाच’ हा शब्द ताईने मनातल्या मनात पलटून बघितला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने याच सासूबाईंना विचारलं होतं, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालू का म्हणून. सासूबाई तेव्हा भांडल्या नव्हत्या, ओरडल्या नव्हत्या. फार मायेने म्हणाल्या होत्या, “आता शिकून काय करायचंय गं? मशीन चालवता येतं ना तुला?” त्या मायेवर तोंड उघडायची सोय नव्हती.

टेबलानंतर दिवा आला. मानेने वळणारा. मग टीव्हीचा आवाज बंद झाला. नवरा सामने मुक्याने बघू लागला. चौकार बसला की दोन्ही हात वर करून तोंडाचा आ करायचा आणि बारकीकडे बघून तो मिटायचा. दिवे मालवायच्या वेळी बारकीला पेलाभर दूध. सासूबाई स्वतः नेऊन द्यायच्या, पायांचा आवाज न करता. ज्या बाईच्या चालण्याने भांडी हलायची, ती मांजरीसारखी चालायला लागली.

ताई ओट्यावर इस्त्री करता करता हे सगळं बघायची. बारकीच्या हुशारीबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. टक्केवारीबद्दलही नाही, बारकीला सहामाहीत चौऱ्याहत्तर होते, म्हणजे ताईपेक्षा चार कमी. हा हिशोब आपण केला याची तिला लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा केला. तिला खुपत होता तो पेला. तो वळणारा दिवा. माणसांचं ते गप्प बसणं. एका मुलीने पुस्तक उघडलं म्हणून तीन मोठी माणसं श्वास आवरून बसतात, हे असंही असू शकतं, हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं होतं.

“वहिनी, जरा हळू,” बारकी एकदा म्हणाली. “इस्त्रीचा आवाज होतोय.”

“इस्त्रीला आवाज नसतो.”

“तू आपटतेयस.”

ताईने बघितलं. खरंच आपटत होती.

बारकीचा फॉर्म होता तो दुसऱ्या शहरातल्या एका नामांकित कॉलेजचा. राहणं, खाणं, शिकणं सगळं माफ. पण ज्यांच्या घरातून आजवर कुणी कॉलेजात गेलेलं नाही, अशाच मुलांसाठी. शाळेतून सहा जणांचे फॉर्म एकाच टपालाने जाणार होते. शुक्रवारी चार वाजता शिपाई पाकिटं घेऊन निघणार, आणि ती शेवटची तारीख. ही संधी हुकली तर बारकीला कारखान्यात आईशेजारची खुर्ची होती. सासूबाईंनी मुकादमाशी बोलूनही ठेवलं होतं. हे कुणी उघड बोलत नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारी संध्याकाळी बारकी दुकानात आली. रांग बरीच होती. वहिनी घरचीच म्हणून ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली, तेवढी शिस्त तिला होती. तिची पाळी सगळ्यात शेवटी आली, तेव्हा ताईचे पाय दुखून आले होते आणि दुकान बंद करायची वेळ झाली होती.

“हे सगळं. फॉर्म, निबंध, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला. आज रात्रीच क्लिपा लावून पाकिटात भरते, सकाळी शाळेत द्यायचंय.”

ताईने फॉर्म काचेवर ठेवला. ठेवता ठेवता नजर गेलीच. घरातल्या माणसांचा तक्ता होता. आई, शिक्षण चौथी. भाऊ, शिक्षण दहावी. भावाची पत्नी, शिक्षण ‘शालेय’.

शालेय. जणू दोन बुकं शिकून सोडलेली कुणी. भावाची इयत्ता लिहिली होती, आईचीसुद्धा लिहिली होती.

तिने बटण दाबलं. फॉर्म झाला, निबंध घेतला. निबंध स्वतःच्या हाताने लिहायचा होता. बारकीचं अक्षर सुरेख. ताईनेच वळण लावलेलं, र ची शेपटी जरा लांब, अगदी ताईसारखी. पहिलीच ओळ होती: ‘माझ्या घरात मला मार्ग दाखवणारं कुणी नव्हतं.’

मशीनचा उजेड काचेखालून इकडून तिकडे सरकला. ताई तिथेच उभी. कुणी नव्हतं. बरोबर. खोक्यावर बसून अक्षरं आपोआप आली असतील. पाढे आभाळातून पडले असतील. शिफारसपत्र मागायला सरांकडे कुठल्या दिवशी जायचं, ते भिंतीने सांगितलं असेल.

“वहिनी, झालं का? अजून भूगोल राहिलाय.”

“होतंय.”

गुणपत्रिका झाली. शेवटी दाखला. ताईने तो काचेवर पालथा ठेवला, झाकण टाकलं, बटण दाबलं. एक प्रत बाहेर आली. आणि मग तिच्या हाताने जे करायचं ते केलं नाही. झाकण उघडून कागद पलटायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा दाबायचं. सतरा वर्षं जे हात झोपेतही करतील, ते त्यांनी केलं नाही. हात तसेच राहिले. बारकी बघत होती. ताईने तिच्याकडे न बघता प्रती नीट ठोकून एकसारख्या केल्या आणि पुढे सरकवल्या.

“झालं?” बारकीने विचारलं.

“झालं.”

त्या रात्री ताईला झोप लागली, हे विशेष. चांगली गाढ लागली.

शुक्रवारी सकाळी तिने दुकान उघडलं, मशीन तापायला लावलं आणि काच पुसायला झाकण वर केलं. दाखला तिथेच होता. मूळ कागद काचेवर विसरणं हा झेरॉक्सच्या दुकानातला रोजचा घोटाळा; गिऱ्हाइकं प्रती घेऊन खुशीत जातात आणि मूळ कागद मागे राहतो. त्यासाठी तिने एक खण ठेवला आहे. पण हा कागद पालथा होता. पुढची बाजू काचेला चिकटलेली आणि मागची बाजू वर. गोल शिक्का, तारीख, हिरव्या शाईतली सही, सगळं तिच्या तोंडाकडे बघत होतं.

तिने दाखला उचलला आणि खणात टाकला. खण लावला.

दहा वाजता तिने स्वतःला सांगितलं की शाळेतला कारकून पाकिटं तपासेलच. अकराला सांगितलं की कॉलेजवाले कळवतील, एक कागद राहिला म्हणून कुणी एखाद्याचं वर्ष घालवत नाही. हे दुसरं तिचं तिलाच पटलं नाही. घालवतात. तिचं घालवलं होतं. बाराला तिने डबा उघडला आणि बंद केला. एका बाजूने मन म्हणत होतं, कळू दे की जरा. कळू दे सासूबाईंना, परत आलेलं पाकीट हातात धरून कसं वाटतं ते. कळू दे टेबलाला, दिव्याला. आणि बारकीलाही कळू दे, मार्ग दाखवणारं खरंच कुणी नसलं म्हणजे काय होतं.

दोन वाजता बसवाल्याची मुलगी आली. अकरावीतली, तिची शाळा सकाळची; पुढच्या वर्षीची तयारी आत्तापासून करणारी, बोलताना वहीचा कोपरा चावणारी.

“ताई, निबंध लिहून बघितला. पण सुरुवातच जमत नाहीये. मी लिहिलंय, माझे बाबा खूप कष्ट करतात.”

“सगळ्यांचेच बाबा कष्ट करतात. शंभर निबंधांत तेच असतं.” ताई कागदांची चळत लावत होती. बोलायला तिला विचार करावा लागत नव्हता. “रडगाणं नको. पहिली ओळ सरळ लिही. माझ्या घरात मला मार्ग दाखवणारं कुणी नव्हतं. पूर्णविराम. मग तू काय केलंस ते लिही.”

मुलगी लिहून घेऊ लागली. लिहिता लिहिता थांबली.

“पण ताई, बाबा मला रोज इंग्रजी बातम्या वाचून दाखवायला लावतात. त्यांना कळत नाही, पण ऐकतात. त्यांनी हे वाचलं तर वाईट नाही का वाटणार?”

“त्यांना कशाला वाटेल? फॉर्मची भाषा असते ती. कॉलेजवाल्यांना तेवढं...”

ताईच्या हातातली चळत तिरकी झाली. हे वाक्य तिचंच होतं. या वर्षी तिने ते किती जणांना सांगितलं होतं? मागच्या वर्षी? बारकी पाच वर्षांची असल्यापासून त्या खोक्यावर बसून हेच ऐकत होती. पाढ्यांच्या आधी तिला हे वाक्य पाठ झालं असेल. आणि ‘शालेय’? तक्त्यात भावजयीच्या खाली काय लिहावं, हेही तीच मुलांना सांगते. घरात कुणी जास्त शिकलेलं दिसलं की कॉलेजवाले शंका काढतात, तेव्हा मोघम लिहा.

“ताई, काय झालं?”

“किती वाजले?”

“सव्वादोन.”

“इथे थांब. कुणी आलं तर सांग, ताई शाळेत गेलीय. मशीनला हात लावू नकोस.”

तिने खण ओढला. दाखला काचेवर ठेवला, या वेळी सुलटा, मागची बाजू खाली. एक प्रत काढली. मग दोन काढल्या. रस्ता ओलांडताना तिच्या लक्षात आलं की पायात दुकानातल्या सपाता आहेत.

शाळेच्या कचेरीत कारकून बसला होता. सहाही पाकिटं टेबलावर, तोंडं चिकटवलेली.

“एक पाकीट उघडावं लागेल,” ताई म्हणाली. “दाखल्याची मागची बाजू राहिलीय.”

कारकुनाने चष्मा वर केला. “कुणाची?”

“आमच्या बारकीची.”

“आणि झेरॉक्स कुणी काढली?”

“मी.”

“तुम्ही?” कारकुनाला हसू आवरेना. “पलटताईने कागद पलटला नाही? अहो, आज वर्तमानपत्रात द्यायला हवं हे!”

“द्या. आधी तिला वर्गातून बोलवा. तिचं पाकीट तिच्यासमोरच उघडायला हवं.”

बारकी आली ती घाबरूनच. आईला काही झालं का, हे आधी विचारलं. मग तिने टेबलावरचा दाखला बघितला, त्याची प्रत बघितली, वहिनीकडे बघितलं.

“हा तर माझ्याकडे...” तिने दप्तर चाचपलं. “दुकानात राहिला?”

“राहिला. आणि मागची बाजू काढली नव्हती.”

कारकून पाकिटाला वाफ देण्यासाठी चहाची किटली शोधायला बाहेर गेला. दोघीच उरल्या. ताईला वाटलं, एवढ्यावर भागेल. घाई होती, रांग होती, पाय दुखत होते. कुणीही मान्य केलं असतं. पण बारकी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, पाचव्या वर्षी खोक्याला धरायची तशीच.

“विसरले नव्हते मी,” ताई म्हणाली. “मुद्दाम नाही पलटला.”

बारकीने दाखला उचलून त्याची मागची बाजू बघितली. मग हळूच म्हणाली, “मी बघितलं होतं, वहिनी. तू नाही पलटलास ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तू नाही पलटलास म्हणजे या वेळी लागत नसेल.”

बारकी रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. रागाला ताईकडे उत्तर असतं. तिने टेबलावरच्या क्लिपा डबीत भरायला घेतल्या, एकेक करून.

“का पण?” बारकीने विचारलं.

“तुला दूध मिळतं म्हणून,” ताई म्हणाली. ऐकायला ते तिचं तिलाच वेडगळ वाटलं.

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हसूही फुटलं. “ते मला आवडतच नाही. मी खिडकीतून ओतते.”

“रोज?”

“रोज.”

“आईंना सांगीन हं मी.”

“सांग. मग तुलाच देतील.”

कारकून किटली घेऊन आला. पाकीट उघडलं, दाखल्याच्या प्रतीमागे मागच्या बाजूची प्रत लागली. तो पुन्हा गोंद लावणार तेवढ्यात ताईने हात मध्ये घातला.

“थांबा. तक्ता काढा.”

“आता काय?”

“भावाची पत्नी, शिक्षण. बारकी, ते शालेय आहे ना, त्याच्या बाजूला लिही. खाडाखोड करू नकोस, नुसतं बाजूला. बारावी उत्तीर्ण, अठ्ठ्याहत्तर टक्के.”

“वहिनी, तूच म्हणतेस ना, मोघम लिहायचं.”

“मी मूर्ख आहे. बारावी कॉलेजात धरत नाहीत, नियमात बसतं. लिही.”

“टक्के लिहायला जागा नाही इथे.”

“मग बारीक लिही.”

बारकीने लिहिलं. मुंगीएवढ्या अक्षरात, र ची शेपटी समासाबाहेर गेली. शेजारी छोटी सही केली. निबंधाच्या पहिल्या ओळीवरही तिचं पेन घुटमळलं. ताईने कागद तिच्या हातातून काढून घेतला.

“ते राहू दे. ते वाक्य चांगलं आहे. माझंच आहे.”

चार वाजता शिपाई पाकिटं घेऊन निघाला. ताई दुकानात परत आली तेव्हा बसवाल्याच्या मुलीने गिऱ्हाइकांची रांग लावून ठेवली होती आणि मशीनला हात लावला नव्हता. ताईने तिची वही मागून घेतली. पहिली ओळ खोडली.

“बाबा बातम्या ऐकतात, ते लिही,” ती म्हणाली. “कळत नाही तरी ऐकतात, तेच लिही.”

त्यानंतर ताईचं मन निवळलं वगैरे, असं काही झालं नाही. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर दिवा बारकीच्याच वहीवर वळलेला होता, आणि तो बघून पोटात तसंच दुखलं जसं काल दुखलं होतं. हेवा असा एका दुपारी संपत नाही. तो घरातल्या माणसासारखा असतो, त्याच्या शेजारून ये-जा करावी लागते. पण सासूबाई दुधाचा पेला घेऊन मांजरीच्या पावलांनी निघाल्या, तेव्हा ताईने ओट्यावरून इस्त्री उचलली, नवऱ्याचा सदरा खांद्यावर टाकला आणि खिडकीशी गेली.

“सरक,” ती बारकीला म्हणाली. “अर्धं टेबल माझं आहे.”

बारकी सरकली. सासूबाई पेला धरून उभ्या राहिल्या, कुणासमोर ठेवावा ते न कळून. ताईने हात पुढे केला, पेला घेतला आणि इस्त्री तापेपर्यंत उभ्याउभ्या सगळा पिऊन टाकला.